वसाहतीच्या बागेत विनामूल्य बाहुलीनाट्य : कोणत्या बाहुल्या निवडाव्यात आणि खर्च कोणी उचलावा?

प्रश्न : सिडको परिसर, छत्रपती संभाजीनगर

नमस्कार. आमच्या वसाहतीचा ओपन स्पेस अनेक वर्षे नुसताच पडून होता. आता रहिवाशांनी मिळून तेथे बाग केली आहे. एका बाजूला मेथी, पालक आणि वांग्यांचे वाफे आहेत, कुंपणावर घोसाळी आणि गुळवेल चढली आहे, आणि दोन जुन्या कडुनिंबांखाली साठ-सत्तर माणसे सतरंजीवर बसू शकतील एवढी मोकळी जागा आम्ही मुद्दाम राखली आहे. नळाला अनेक दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात हिरवळ लावण्याचा विचार कोणी केलाच नाही, त्यामुळे तेथे माणसे बसल्याने काही तुडवले जाईल अशी धास्ती नाही.

या जागेत महिन्यातून एकदा, सायंकाळी, कुटुंबांसाठी बाहुल्यांचा खेळ व्हावा असे आमच्यापैकी काही जणांच्या मनात आहे. खेळाला तिकीट नसावे आणि बागेचे फाटक उघडे असावे, म्हणजे वसाहतीतील मुलांबरोबरच शेजारच्या बांधकामावरील मजुरांची, भाजीच्या गाडीवाल्यांची आणि घरकामाला येणाऱ्या मावश्यांची मुलेही कोणाला न विचारता येऊन बसतील, अशी ही कल्पना आहे. सणावारांना येथे कार्यक्रम होतात. परंतु ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर तीन वर्षांचे मूल आणि सत्तरीची आजी ही दोघेही फार वेळ टिकत नाहीत, आणि आम्हाला तर नेमके हेच दोन प्रेक्षक हवे आहेत.

अडचणी अशा आहेत. उघड्यावर कोणत्या प्रकारच्या बाहुल्या चालतील, याची आम्हाला नीट कल्पना नाही. ध्वनिक्षेपक लावायचा नाही, पण मग मागच्या ओळीपर्यंत आवाज कसा पोहोचवावा? परवानग्या कोणत्या लागतात? आणि सर्वांत अवघड मुद्दा पैशांचा आहे. मंडळातील काहींचे म्हणणे असे की, खेळ विनामूल्य आहे तर बाहेरचे कलावंत बोलावू नयेत, आपणच करावे. तर इतरांना वाटते की आपला कच्चा प्रयोग पहिल्या महिन्यात कौतुकाने पाहिला जाईल आणि दुसऱ्या महिन्यात कोणी फिरकणार नाही. ज्यांनी असे काही केले आहे किंवा जवळून पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : परभणी, निवृत्त प्राथमिक शिक्षक

ताई, आधी बाहुल्यांविषयी लिहितो, कारण बाकीचे बरेचसे प्रश्न त्या निवडीवरच अवलंबून आहेत. आपल्याकडे बाहुल्यांचे ढोबळमानाने चार प्रकार मानतात : सूत्रांवर चालणाऱ्या कळसूत्री बाहुल्या, हातात घालायच्या हातबाहुल्या, काठीबाहुल्या आणि छायाबाहुल्या. यांपैकी छायाबाहुलीला अंधार आणि ताठ पडदा लागतो. उघड्या बागेत वाऱ्याने पडदा फुगला की सावल्या विस्कटतात आणि रस्त्यावरच्या दिव्यांमुळे अंधारही पुरेसा मिळत नाही. कळसूत्री बाहुली दिसायला सर्वांत मोहक असते, मात्र तिची सूत्रे वाऱ्यात एकमेकांत गुंतू लागली की नवशिक्या खेळविणाऱ्याची फजिती ठरलेली. राजस्थानी भाट कलावंत ती उघड्यावर लीलया नाचवतात, हे खरे आहे. त्यांच्या कठपुतळीचे डोके सहसा आंब्याच्या लाकडाचे असते, तिला पाय नसतात, खाली लांब घागरा असतो आणि सूत्रे थेट बोटांत अडकवलेली असतात. परंतु त्या सहजतेमागे पिढ्यानपिढ्यांचा सराव आहे. आपल्यासारख्यांनी हातबाहुलीपासून सुरुवात करावी. तर्जनी डोक्यात, अंगठा आणि मधले बोट दोन हातांत, एवढीच तिची यंत्रणा असते, आणि ती वाऱ्याला दाद देत नाही.

हातबाहुलीची मर्यादा तिच्या आकारात आहे. वीतभर किंवा फार तर दीड वीत उंचीची बाहुली तीस फुटांपलीकडे नुसती रंगाचा ठिपका वाटते. तुमच्याकडे साठ-सत्तर माणसांची जागा आहे, हे म्हणूनच मला सुदैवाचे वाटते. ती वाढवू नका. गर्दी जास्त झाली तर तोच खेळ अर्ध्या तासाने पुन्हा करावा, पण दीडशे माणसे एकाच वेळी बसवू नयेत.

आता मांडणी. राजस्थानी कलावंतांची जुनी रीत दोन बाजा उभ्या करून त्यांवर बांबू आडवा टाकण्याची आणि पुढे कमानींचा पडदा बांधण्याची आहे. मला ही रीत आपल्या भागासाठी आदर्श वाटते, कारण बाज अजूनही गावाकडच्या घरोघरी सापडते आणि घडीच्या लोखंडी चौकटीचा खर्च वाचतो. खेळविणाऱ्यांनी उभे राहायचे असेल तर पडद्याचा कठडा साडेपाच-सहा फुटांवर येतो, आणि मग जमिनीवर बसलेल्या मुलांच्या माना दुखू नयेत म्हणून पहिली ओळ सात-आठ फूट मागे घ्यावी लागते. त्यापेक्षा आत बुटक्या स्टुलांवर बसून खेळवावे; कठडा चार फुटांच्या आसपास येतो आणि लहान मुले जवळ बसू शकतात. पडद्याच्या खालच्या दुमडीत वाळूच्या लहान पुरचुंड्या शिवून टाकाव्यात, म्हणजे वाऱ्याने आतले पाय उघडे पडत नाहीत. मुलांना आतले पाय दिसले की ती बाहुल्यांकडे बघत नाहीत.

उन्हाची दिशा अनेक जण विसरतात. सायंकाळचा खेळ असेल तर पडद्याचे तोंड पश्चिमेकडे असावे; मावळतीचा प्रकाश बाहुल्यांच्या चेहऱ्यावर पडतो आणि प्रेक्षकांची पाठ सूर्याकडे राहते. उलट मांडणी केली तर सगळे डोळे मिचकावत बसतात आणि बाहुल्या काळ्या दिसतात. नोव्हेंबरच्या अखेरीस आपल्याकडे पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून पाच वाजता सुरुवात करावी. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी आठचा खेळ ठेवावा आणि पडदा पूर्वेकडे फिरवावा. पावसाळ्यात सरळ सुटी घ्यावी.

आवाजाचा प्रश्न जगभरच्या उघड्यावरच्या बाहुलीवाल्यांना पडलेला आहे आणि त्याची उत्तरे आश्चर्यकारकरीत्या सारखी आहेत. आपले भाट कलावंत तोंडात 'बोली' नावाची शिटी धरतात आणि बाहुली तिच्यातून किंचाळल्यासारखे बोलते. इंग्लंडमधील पंच नावाच्या हातबाहुलीचा खेळविणाराही तोंडात तशीच एक पट्टी धरतो; पंचच्या इटालियन पूर्वजाचा खेळ लंडनच्या कोव्हेंट गार्डनमध्ये झाल्याची नोंद एका रोजनिशीत ९ मे १६६२ या तारखेला सापडते, मात्र तो खेळ बहुधा सूत्रांवरच्या बाहुल्यांचा होता. तो तीक्ष्ण आवाज बाजाराचा गलबला चिरून जातो, परंतु त्यात शब्द नीट कळत नाहीत. म्हणून भाटांच्या खेळात पडद्याबाहेर एक माणूस ढोलकी घेऊन बसतो आणि बाहुली काय म्हणाली ते प्रश्न विचारून, उलटून बोलून, चेष्टा करून लोकांपर्यंत पोहोचवतो.

तुम्ही शिटीच्या नादी लागू नका, लहान मुलांच्या देखत तर मुळीच नाही. ती गिळली जाण्याचा धोका असतो. पण पडद्याबाहेरचा तो माणूस मात्र नक्की घ्या. भारुडात आणि तमाशात आपल्याला असा माणूस ओळखीचा आहे. त्याच्या हाती हलगी किंवा संबळ द्यावा. हलगीचे चार ठोके हीच खेळाची घंटा, आणि पुढे प्रत्येक महत्त्वाचे वाक्य तो लोकांकडे तोंड करून पुन्हा म्हणेल. बाहुली म्हणते, "माझी वांगी कोणी खाल्ली?" तो म्हणतो, "काय म्हणलीस गं? तुझी वांगी कोणी खाल्ली?" हे वाक्य दोनदा कानी पडते, मुले उत्तर ओरडू लागतात, आणि ध्वनिक्षेपकाची आठवणही कोणाला राहत नाही. बाहुल्यांनी आपल्या घरात बोलतात तीच बोली बोलावी, असा माझा आग्रह आहे. रेडिओवरच्या बातम्यांच्या भाषेत बोलणारे रताळे कोणाला हसू आणणार?

खेळ पंचवीस मिनिटांचा असावा. हात वर धरून बाहुली खेळवताना खांदा लवकर भरून येतो, म्हणून दोन खेळविणारे आलटून पालटून असतील असे प्रवेश बांधावेत. संवाद पाठ करण्यापेक्षा प्रवेशांचा क्रम पाठ करावा, कारण मुले मध्येच बोलणार आणि त्यांना उत्तर द्यावे लागणार. तुमच्या परिसरातील शिक्षकांना विचारा. नवी दिल्लीच्या सीसीआरटी (सांस्कृतिक स्रोत आणि प्रशिक्षण केंद्र) या केंद्रीय संस्थेत शिक्षणातील बाहुलीकलेच्या वापराविषयी शिक्षकांची प्रशिक्षणे होतात आणि तिचे एक प्रादेशिक केंद्र हैदराबादला, म्हणजे आपल्याला त्यातल्या त्यात जवळ आहे. तेथे जाऊन आलेले शिक्षक मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत भेटतील, फक्त त्यांच्या बाहुल्या शाळेच्या कपाटात पडून असतात.

उत्तर : लातूर

गुरुजींनी मांडणीचे सर्व काही लिहिले आहे. मी फक्त पैशांवर लिहितो, कारण असे उपक्रम बाहुल्यांमुळे बंद पडत नाहीत, हिशेबामुळे पडतात.

'विनामूल्य आहे, म्हणून कलावंत बोलावू नये' हा युक्तिवाद मला मान्य नाही. प्रेक्षकाला तो खेळ फुकट मिळावा हा तुमचा निर्णय आहे. त्याची किंमत कलावंताने का मोजावी? महिन्याला साठ घरांनी घरटी पन्नास रुपये दिले तर तीन हजार जमतात. तेवढ्यात दरमहा बाहेरचा संच येणार नाही हे उघड आहे. म्हणून वर्षातील बहुतेक खेळ तुमच्या माणसांनी करावेत, दरमहाच्या रकमेतून साहित्याचा किरकोळ खर्च वजा करून उरलेले साठवावे, आणि वर्षातून एक-दोनदा व्यावसायिक कलावंताला प्रवासखर्च, मुक्काम, जेवण आणि आधी ठरवलेले मानधन देऊन सन्मानाने बोलवावे. 'प्रसिद्धी मिळेल' हे मानधन नव्हे.

न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली पीटर शूमान यांनी सुरू केलेल्या 'ब्रेड अँड पपेट' या नाट्यसंस्थेची रीत अशी की प्रेक्षकांना खेळाबरोबर घरी भाजलेला पाव वाटायचा. ती संस्था पुढे व्हरमाँट राज्यातील ग्लोव्हर या गावी शेतावर गेली आणि तिचे खेळ मोठ्या प्रमाणावर उघड्या माळावर झाले. कीर्तन संपल्यावर बुक्का लावून प्रसाद देणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. जानेवारीत हुरडा, एरवी भाजलेल्या शेंगा किंवा बागेतल्याच मेथीचे धपाटे. खाणे असले की लोक खेळानंतर पाच मिनिटे थांबतात आणि तेवढ्यात पुढच्या महिन्याची कामे वाटून होतात.

मदतीसाठी झोळी मात्र माणसांमधून फिरवू नये. ज्याच्या खिशात काही नाही तो बाप पुढच्या वेळी मुलाला घेऊन येत नाही. डबा फाटकाजवळ, बाहेर पडताना बाजूला दिसेल असा ठेवावा, आणि त्याच्याजवळ कोणीही उभे राहू नये.

उत्तर : नांदेड, वकील

परवानग्यांविषयी थोडक्यात. पहिल्यांदा जागा कोणाची ते पाहावे. राज्याच्या विकास नियंत्रण नियमांनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या अभिन्यासात (लेआउटमध्ये) १० टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. आपण जिला ओपन स्पेस म्हणतो ती बहुधा हीच. ती सोसायटीच्या ताब्यात असेल तर सोसायटीचा ठराव पुरेसा आधार देतो. ती महापालिकेकडे हस्तांतरित झाली असेल तर उद्यान विभागाला आणि झोन कार्यालयाला वर्षभराच्या तारखा देऊन एकदाच लेखी अर्ज करावा. दरमहा स्वतंत्र अर्ज करण्याचा उत्साह कोणाचाच टिकत नाही. स्थानिक पोलीस ठाण्यालाही त्याच अर्जाची प्रत द्यावी आणि पोचेचा शिक्का घ्यावा.

ध्वनिक्षेपक न वापरण्याचा निर्णय कायद्याच्या दृष्टीनेही सोयीचा आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर आवाज करणाऱ्या साधनांवर निर्बंध आहेत, आणि निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरपर्यंतचा भाग शांतता क्षेत्र ठरू शकतो. तुमची बाग तशी असेल तर हलगीऐवजी टाळ घ्यावेत.

गोष्टींच्या हक्कांकडे सहसा कोणी पाहत नाही, म्हणून ते नोंदवतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे त्याच्या लेखनावर हक्क राहतो. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ मधील कलम ५२ हौशी मंडळाला, प्रेक्षक पैसे देत नसतील तर, साहित्यकृतीचा किंवा नाट्यकृतीचा प्रयोग करण्याची मुभा देते. मात्र मानधन घेणारा व्यावसायिक संच आला की 'हौशी' हा शब्द त्याला लागू करणे कठीण होईल, आणि ध्वनिमुद्रित चित्रपटगीते वाजवणे हा तर वेगळाच विषय आहे. सरळ मार्ग असा की, पंचतंत्र, लोककथा, नाथांची भारुडे किंवा स्वतः रचलेल्या गोष्टी घ्याव्यात आणि गाणी तोंडाने म्हणावीत. खेळाची छायाचित्रे समाजमाध्यमांवर टाकताना इतरांच्या मुलांचे चेहरे दिसणार असतील तर पालकांना विचारावे.

उत्तर : पैठण

येथपर्यंतची चर्चा वाचून मला एक गोष्ट सुचवावीशी वाटते. तुम्ही बाहुल्यांचाच विचार करत आहात, पण या कलेची जवळची बहीण असलेली चित्रकथी आपल्या गावाच्या नावाने ओळखली जाते. पैठणची चित्रे म्हणून ख्याती पावलेल्या कागदी चित्रांच्या पोथ्या समोर ठेवून, एकेक पान उलटत, रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगितली जात. पैठण शैलीची अशी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात पाहायला मिळतात. ही परंपरा किती जुनी आहे याचा एक धागा आपल्या शेजारीच आहे : कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख येतो, आणि कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, धाराशिव-लातूरच्या सीमेपलीकडे.

दुर्दैवाने पैठणमध्ये आता ही परंपरा गावगाड्याचा भाग म्हणून उरलेली नाही. ती जिवंत पाहायची तर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी गावी जावे लागते. तेथील ठाकर आदिवासी समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या छायाबाहुल्या हे तिन्ही प्रकार जपले आहेत. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यात संग्रहालय उभे केले आहे. लातूरच्या गृहस्थांनी वर्षातून एकदा कलावंत बोलावण्याविषयी लिहिले आहे, तो एक खेळ या मंडळींचा असावा असे मी म्हणेन. अंतर पाचशे किलोमीटरांहून अधिक आहे, म्हणून एकट्या वसाहतीने हा खर्च करण्याऐवजी संभाजीनगर, जालना आणि परभणी येथील तीन-चार बागांनी सलग तारखा घ्याव्यात आणि प्रवासखर्च वाटून घ्यावा.

चित्रकथीचा व्यावहारिक उपयोग असा की, एखाद्या महिन्यात खेळविणारे आजारी पडले, वारा फार सुटला किंवा बाहुल्या तयार झाल्या नाहीत, तर मुलांनीच काढलेली दहा-बारा मोठी चित्रे आणि एक गाणारा माणूस यांवर अर्धा तास सहज निघतो. तारीख चुकत नाही. माझ्या मते खेळाच्या दर्जापेक्षा तारीख न चुकणे अधिक महत्त्वाचे आहे. आठवडी बाजाराची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही, तशी ती तारीख मुलांच्या अंगवळणी पडली पाहिजे.

झोळीविषयी मात्र माझे मत लातूरकरांपेक्षा वेगळे आहे. वासुदेव, गोंधळी, बहुरूपी यांनी कला दाखवून पसाभर धान्य मागितले, त्यात कधी लाजिरवाणे काही नव्हते. कलावंत परंपरेने झोळी फिरवणारा असेल तर तो त्याचा हक्क आहे; आपल्या नाजूक शिष्टाचारासाठी तो काढून घेऊ नये.

उत्तर : लातूर

कलावंताच्या झोळीला माझा विरोध नाही. मंडळाच्या झोळीला आहे. दोन्ही एकाच सतरंजीवर फिरवू नयेत, एवढेच म्हणणे होते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही नोव्हेंबरमध्ये हातबाहुल्यांचा पहिला खेळ करण्याचे ठरवत आहोत. पडद्याबाहेर बसायला आमच्या वसाहतीतील एक आजोबा तयार झाले आहेत. ते तरुणपणी गावच्या भारुडात काम करत असत आणि त्यांना कोणी काही विचारायचा अवकाश, ते थांबतच नाहीत. त्यांना पंचवीस मिनिटांत कसे आवरायचे, हा नवा प्रश्न निर्माण झाला आहे.

आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. बाहुल्या मुलांकडून करून घ्याव्यात काय, आणि घ्यायच्या असल्या तर बाजारातून फारसे काही न आणता त्या कशाच्या कराव्यात? दुसरे म्हणजे मंडळातील काही सदस्यांचा आग्रह आहे की प्रत्येक खेळातून पाणीबचत, ओला-सुका कचरा, प्लास्टिकबंदी असा एखादा संदेश गेलाच पाहिजे. बागेसाठी देणगी देणाऱ्यांनाही तेच आवडेल, असे ते म्हणतात.

उत्तर : जालना, परसबागेचे काम करणारी

साहित्य तुमच्याच आसपास आहे. काठीबाहुल्यांसाठी तुरीच्या तुराट्या आणि कपाशीच्या पऱ्हाट्या उत्तम. पिके निघाल्यावर त्या आपल्या भागात ढिगाने मिळतात. वजनाला हलक्या हव्या असतील तर ज्वारीची धाटे घ्यावीत, ज्यांच्या भेंडापासून आपण लहानपणी गाड्या आणि बैल करत होतो. मक्याच्या कणसाची पाने ओली करून वळली की केस, पंख आणि घागरे होतात. कुंपणावरचा एखादा दुधी मुद्दाम जून होऊ द्यावा. तो वेलावरच वाळून आतल्या बिया वाजू लागल्या की त्याचे टणक डोके होते, मात्र त्याला काही महिने लागतात, म्हणून पुढच्या वर्षाच्या बाहुल्यांचा विचार या वर्षीच करावा. पहिल्या खेळासाठी कागदाच्या लगद्याची डोकी करा. लगदा भिजवलेल्या मेथ्यांच्या वाटणात मळला तर तो चिवट होतो. खळीला कीड लागू नये म्हणून काही जण मोरचूद घालतात, ते मुलांच्या हाती जाणाऱ्या कामात कटाक्षाने टाळावे. ते विषारी आहे. जुने पायमोजे, ब्लाउजपीसचे तुकडे आणि शर्टांची बटणे घरोघरी निघतीलच. पऱ्हाट्यांची टोके बोथट करून त्यांवर चिंधी गुंडाळावी, कारण पडद्याआड धक्काबुक्की होते आणि डोळा वाचला पाहिजे.

मुलांकडून जरूर करून घ्या, पण खेळाच्या दिवशी नव्हे. आदल्या रविवारी बसवा. त्याच दिवशी बसवले तर ओल्या रंगाच्या बाहुल्या, रडणारी मुले आणि उशीर या तिन्ही गोष्टी एकत्र येतात.

बागेची काळजीही थोडी घ्यावी. खेळाच्या आदल्या दिवसापासून त्या बाजूला पाणी देऊ नये, ठिबकच्या नळ्या बाजूला गुंडाळून ठेवाव्यात, आणि वाफ्यांपुढे दोरी बांधण्याऐवजी मोठ्या मुलांना बसवावे. दोरीवर लहान मुले झोके घेतात. कडुनिंबाखालची जागा सकाळीच झाडून, निंबोळ्या आणि काटेकुटे वेचून, हलका सडा मारावा, म्हणजे सायंकाळी धूळ उडत नाही.

संदेशाबाबत मंडळाशी माझे भांडण आहे असे समजा. कचऱ्याच्या दोन डब्यांनी एकमेकांशी केलेले संवाद मुलांनी शाळेत पुरेसे ऐकले आहेत. त्याऐवजी तुमच्या बागेत जे घडते तेच दाखवा. गोगलगाय रात्री पालक खाते, तिला हाकलायला मालकीणबाई राख टाकते, वारा येऊन राख उडवतो आणि गोगलगाय परत येते. गांडूळ ही बाहुली तर नुसत्या पायमोज्याची होते, तिला तोंड कोणते आणि शेपूट कोणते यावरच पाच मिनिटे निघतील. टँकर येण्याची वाट पाहणारे वांगे कोणी रंगवले तर आपल्या शहरातल्या प्रत्येक घराला ते समजेल आणि पाणी वाचवा असे कोणाला सांगावेही लागणार नाही.

उत्तर : परभणी, निवृत्त प्राथमिक शिक्षक

संदेशाच्या मुद्द्यावर मी जालन्याच्या ताईंशी सहमत आहे, पण देणगीदारांची अडचणही खरी आहे. त्यावर तोडगा असा की, देणगीदाराचे नाव आणि त्याला हवे ते वाक्य फाटकाजवळच्या फळ्यावर खडूने लिहावे. बाहुलीच्या तोंडी घालू नये. नाथांच्या भारुडातला विंचू लोकांना आधी हसवतो, दचकवतो, आणि त्याचा अर्थ ज्याला कळायचा त्याला नंतर कळतो. तुमच्या आजोबांना हे सांगायला नको.

त्यांना आवरण्याचा उपाय मात्र सांगतो. आतल्या बाहुल्यांपैकी एकीला झोपाळू करावे. आजोबांचे बोलणे लांबले की ती कठड्यावर डोके टेकून मोठ्याने घोरू लागेल. मुले हसतील, आजोबा तिला हाक मारतील, ती दचकून उठेल आणि थेट पुढच्या प्रवेशाचे पहिले वाक्य म्हणेल. तालमीत त्यांना ही युक्ती आधी सांगून ठेवावी, म्हणजे ऐन खेळात राग येणार नाही. आणखी एक : नोव्हेंबरमध्ये अवकाळी पाऊस आला तर त्यासाठी पर्यायी तारीख त्याच अर्जात लिहून ठेवा, आणि पडदा सुती असेल तर तो भिजल्यावर आक्रसतो, म्हणून शिवण्यापूर्वी कापड एकदा धुऊन घ्या.